उठा-बसाचं इंग्रजी

सोमवार, ४ तारीख

ही वही सुनेने दिली. पुढच्या बाजूने इंग्रजी शब्द लिहायचे, असं तिने सांगितलंय. मागून काय लिहायचं ते सांगितलेलं नाही, म्हणून हे मागून लिहिते. शाळा चौथीत सुटली, पण नंतर पन्नास वर्षं कपडे शिवायला लोकांच्या छात्या-कंबरा मापून वहीत उतरवल्या. माझं अक्षर लागतं.

ह्यांना झटका आला त्याला आज एक्केचाळीस दिवस झाले. डावा हात आणि डावा पाय लुळा पडला, जीभ जड झाली. मोठ्या दवाखान्यातून व्यायामाच्या केंद्रात हलवलं, तिथेच आहेत. आम्ही दोघं इथे परदेशात मुलाकडे तीन महिन्यांसाठी पाहुणे म्हणून आलो होतो. आता मी रोज दुपारी बसने केंद्रात जाते आणि दिवे लागायच्या आत परत येते. पाहुणचार संपला.

आज म्हटलं, अहो, उठा, खुर्चीत बसा. भिंतीकडे बघत राहिले. पुन्हा म्हटलं. तिसऱ्यांदा दंडाला धरून म्हटलं. ढिम्म हलले नाहीत. तेवढ्यात तो दाढीवाला आला, तिथला मदतनीस. दारासारखा रुंद माणूस. "गेट अप, बॉस," एवढंच म्हणाला, आणि ह्यांनी पलंगाचा दांडा पकडला आणि उठले. एक्कावन्न वर्षं माझ्या हाकेवर उठलेला माणूस.

मग व्यायामाच्या बाईने मुलाला आणि मला बोलावून एक कागद दाखवला. त्यावर आठ हुकूम. उठा, बसा, पुढे वाका, धरा, सोडा, वळा, आडवे व्हा, कुशीवर व्हा. जो माणूस घरी सांभाळणार त्याने सांगितलं की रोग्याने हे आठही करून दाखवले पाहिजेत, तेही त्याला ओढल्याशिवाय. वीस, एकवीस, बावीस तारखेला परीक्षा. तिन्हींपैकी दोन दिवस जमलं तर घरी. नाही तर शहराच्या दुसऱ्या टोकाला कायमच्या राहण्याची जागा आहे, तिथे. मुलगा हे सगळं मला सांगताना कॉफीच्या मशिनकडे बघत होता.

सून आणि मुलगा दोघं दिवसभर कामावर. म्हणजे सांभाळणारी मीच.

बाई म्हणाली, हुकूम कुठल्याही भाषेत द्या. पण हे उठतात फक्त इंग्रजीवर. झटक्याने ह्यांच्या डोक्यातली मराठी पुसली गेली, असं माझं म्हणणं आहे. डॉक्टर नाही म्हणतो. त्याला मराठी येत नाही, त्याला काय कळणार?

मंगळवार, ५

सून सकाळी कामावर जाण्याआधी अर्धा तास शिकवते. चष्म्याच्या दुकानात दिवसभर उभी असते, घरी आल्यावर बोलायचं त्राण उरत नाही, म्हणून सकाळी. मी तिला सांगितलं, घाई नको. तिने घड्याळाकडे बघितलं.

गेट हा शब्द मी नीट पाठ केला तर तो एकटा कुठे सापडतच नाही. गेट अप म्हणजे उठणं, गेट इन म्हणजे आत शिरणं, गेट ऑफ म्हणजे उतरणं, गेट ओव्हर म्हणजे दुखण्यातून बाहेर येणं. एकाच कापडाला बाही लावा, कॉलर लावा, दर वेळी वेगळाच कपडा. मी म्हटलं, ह्या लोकांकडे शब्द कमी पडले होते का? सून म्हणाली, "आई, आपणही तेच करतो. खाऊन घे, खाऊन टाक, खाऊन बघ. खाणं तेच आहे ना?"

मी म्हटलं, मग हे कालच सांगायचं होतंस. एवढं तोंड वाजवायला लावलंस.

खरं म्हणजे बरं सांगितलं तिने. पण लगेच कबूल केलं की माणसं शेफारतात.

बुधवार, ६

कागदाच्या पट्ट्या कापून त्यावर आपल्या अक्षरांत शब्द लिहिले आणि टाचण्यांनी घरभर टोचले. पलंगावर लाय डाउन. दिव्याच्या बटणाखाली टर्न ऑफ. कोटावर पुट ऑन, बुटांवर टेक ऑफ. सोफ्यावर सिट डाउन लिहिलं होतं आणि मुलगा कामावरून येऊन त्यावरच बसला. त्याने जे म्हटलं ते मराठीत होतं आणि मी त्याला शिकवलेलं नव्हतं.

शुक्रवार, ८

आज मी गेले तेव्हा हे शर्टाचं बटण लावत होते, एका उजव्या हाताने. तोंड उघडं, जीभ बाहेर, घाम आलेला. दाढीवाला शेजारी हाताची घडी घालून नुसता उभा. मदतीला ठेवलाय की बघायला? मी घड्याळ लावून बघितलं, चार मिनिटांत एक बटण. मी पिशवी ठेवली आणि उरलेली पाचही लावून टाकली. दहा सेकंद लागले नसतील. दाढीवाला काहीतरी बोलला, हळूच, हसत. त्यात 'लेट हिम' होतं. रात्री सुनेला विचारलं, ती म्हणाली, त्यांना करू द्या.

जन्मभर काजं करून बोटांना घट्टे पडलेत माझ्या, आणि मी समोर बसून चार-चार मिनिटं बघत राहू?

मग सिट डाउन म्हटलं. भिंत. लीन फॉरवर्ड म्हटलं. भिंत. माझा उच्चार कच्चा आहे.

सोमवार, ११

सुनेने मुलाला रोगी केलं. तो सोफ्यावर पडला, मी हुकूम द्यायचे. टर्न ओव्हर म्हणायच्या आत मी त्याचा खांदा धरून त्याला पालथा केला. सून म्हणाली, पुन्हा. पुन्हा तेच झालं. शब्द तोंडात येईपर्यंत हात पोचलेला असतो.

मुलगा उशीत तोंड घालून हसत होता. म्हणाला, "आई, तू आम्हाला असंच उठवायचीस. पांघरूण आधी जायचं, हाक मागून यायची. बाबांचंही तेच."

मी म्हटलं, म्हणून शाळेला कधी उशीर झाला नाही तुला, आणि ह्यांना कारखान्याला. चाळीस वर्षांत एक दिवस उशिरा गेले नाहीत, विचार त्यांना.

तो हसायचा थांबला. म्हणाला, "हो, विचारायला हवं होतं."

बुधवार, १३

सुनेला सुट्टी होती, तीही आली. मी चहा आणायला गेले. परत येताना दारातून ऐकलं, हे हसत होते. खोकल्यासारखं, पण हसणंच. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा. सून त्यांना सांगत होती की आईंनी सोफ्याला टाचणी लावली आणि तुमचा मुलगा तिच्यावर बसला. हे उजव्या हाताने डोळे पुसत होते.

मी आत गेले तर सगळं गप्प.

सुनेला बाहेर घेऊन विचारलं, तू कुठल्या भाषेत सांगत होतीस? ती म्हणाली, आपल्या. मग इकडेतिकडे बघत म्हणाली, आवाजावरूनही कळतं माणसाला. बरोबर आहे. आवाजाला हसले असतील. सुनेचा आवाज आहेच तसा, बारीक.

चहा सांडला होता हातावर. ते घरी आल्यावर कळलं.

शनिवार, १६

नातीचा फोन आला, ती दुसऱ्या शहरात शिकते. माझे आठही हुकूम म्हणून दाखवले. ती म्हणाली, आजी, एकदम पोलिसासारखं वाटतंय, प्लीज लाव ना मागे. मी म्हटलं, नवऱ्याला प्लीज? तिने विचारलं, तो दाढीवाला काय म्हणतो?

आठवून बघितलं. तो शेवटी म्हणतो, व्हेन यू आर रेडी. त्याचा अर्थ नातीने सांगितला, तुम्ही तयार असाल तेव्हा. मी म्हटलं, तयार असतील तेव्हा म्हणून बसले असते तर आमच्या घरात आजवर चूल पेटली नसती.

 मग तिने विचारलं, तू दुपारी जातेस तेव्हा आजोबांना फोन देशील का कधी? मी म्हटलं, ते बोलत नाहीत गं. ती म्हणाली, माझ्याशी बोलतात, तो दाढीवाला सकाळी फोन लावून देतो.

कुठल्या भाषेत, ते विचारायचं राहून गेलं.

सोमवार, १८

घराची तयारी झाली. टेपने सगळी दारं मापली. चाकाची खुर्ची सव्वीस इंच, न्हाणीघराचं दार अठ्ठावीस, जाते. पलंग खिडकीपासून हलवून भिंतीला लावला, वारा नको. वेळापत्रक लिहून कपाटावर चिकटवलं. सहाला उठणं, सव्वासहाला तोंड धुणं, साडेसहाला चहा, सातला आंघोळ. व्यायाम मी बघून घेतलेत, मीच करून घेणार. ह्यांना काही म्हणजे काही करावं लागणार नाही.

आणि सहा शर्टांची बटणं कापून काढली. काजं शिवून बंद केली, आतून वेल्क्रोची चिकटपट्टी लावली. हात लावला की शर्ट बंद. दोन दिवस मान मोडून बसले त्यासाठी. आज घेऊन गेले. ह्यांनी एक शर्ट मांडीवर घेतला, बटणाच्या जागेवरून बोट फिरवलं, खालपर्यंत. मग घडी न करता बाजूला ठेवला आणि केंद्राचाच जुना शर्ट घालून बसले.

आभार मानायची सवय त्यांना पहिल्यापासूनच नाही.

मंगळवार, १९

आठ हुकूम पक्के झाले म्हणून सुनेने वरचे थोडे दिले, घरात लागतील म्हणून. हरी अप, घाई कर. गिव्ह अप, नाद सोड. कम बॅक आणि गो बॅक, दोन्ही परत फिरणंच. फरक काय, विचारलं. ती म्हणाली, बोलणारा उभा कुठे आहे त्यावर. घरात उभा असेल तर घरी परत ये, कम बॅक. घराबाहेर उभा असेल तर घरी परत जा, गो बॅक. हे मला एका झटक्यात कळलं. सून म्हणाली, आई, तुम्ही हुशार आहात. मी म्हटलं, ते आत्ता कळलं का?

उद्या परीक्षा. जेवण गेलं नाही.

बुधवार, २०

व्यायामाची बाई, तिचा कागद, मी, हे. दाढीवाल्याला बाहेर उभं केलं. मुलगा रजा टाकून आला होता.

गेट अप म्हटलं. ह्यांनी माझ्याकडे बघितलं. भिंतीकडे नाही, माझ्याकडे. मी हात पुढे केला तर बाईने मानेने नाही म्हटलं. किती वेळ गेला कोण जाणे.  मग उठले.

आठातले पाच झाले. बाई मुलाला म्हणाली, उद्या आईंना हात पाठीमागे बांधून उभं राहायला सांगा. बांधून म्हणजे धरून. पण त्या वेळी मला ते खरंच वाटलं, आणि मी त्यालाही हो म्हटलं असतं.

गुरुवार, २१

आठपैकी आठ.

मी पाठीमागे माझंच मनगट धरून ठेवलं होतं, आता त्यावर नखांच्या खुणा उठल्यात. प्रत्येक हुकमानंतर मनात आकडे म्हटले. टर्न अराउंडला पासष्टपर्यंत गेले. ते वळताना पाय अडकला, पडतात असं वाटलं, आणि मी जागची हलले नाही. कोणाला सांगू नये, पण मला उभ्या उभ्या वाटलं की माझी इथे काही गरजच नाही. गप्प उभ्या राहिलेल्या बाईचा उपयोग काय?

पण आठ झाले. उद्या एक दिवस.

शुक्रवार, २२

आजही आठ झाले. नीट, एकामागून एक. प्लीजसुद्धा लावलं दोनदा, नातीसाठी. बाईने कागदावर आठ खुणा केल्या आणि माझा हात हातात घेऊन हलवला. मुलाने डोळे मिटून श्वास सोडला. दाढीवाला आत आला, त्याने ह्यांच्या पाठीवर थाप मारली. ह्यांनी त्याच्याकडे बघितलं, बुडणारा काठाकडे बघतो तसं. हे आत्ता लिहिताना लक्षात येतंय, तेव्हा नाही.

मग बाईने ह्यांच्यासमोर गुडघ्यावर बसून काहीतरी विचारलं. विचारावं लागतं म्हणे, नियम आहे. त्यात होम होतं आणि मंडे होतं. म्हणजे सोमवारी घरी जायचं ना, असं असणार.

हे बोलले. झटक्यानंतर माझ्यासमोर पहिल्यांदा. जीभ जड, पण शब्द सुटे सुटे, दोन टाक्यांत जागा सोडावी तसे.

"आय डोन्ट वॉन्ट टू गो बॅक."

 मग सगळे माझ्याकडे वळले, बाई, दाढीवाला, मुलगा. हे सोडून सगळे. हिला कळलं का, असं बघत होते. मंगळवारपर्यंत नसतं कळलं.

मुलगा जवळ आला. त्याचा चेहरा लहानपणी काही फोडल्यावर व्हायचा तसा झाला होता. म्हणाला, "बाबा म्हणतायत, इथे अजून थोडे दिवस व्यायाम करतो."

मी म्हटलं, "बरं. करू दे."

मी पिशवी घेतली आणि निघाले. बसमध्ये चढताना ड्रायव्हर काही म्हणाला, ते नाही कळलं.

शनिवार, २३

ह्यांना इंग्रजी येतं हे मी विसरलेच होते. कारखान्यात मशिनची पुस्तकं वाचायचे. घरी कधी बोलले नाहीत, घरी मुळात बोलायचेच कमी. मला वाटायचं, सुखी आहेत, सांगायला काही नाही.

मराठीत बोलले असते तर मला भांडता आलं असतं. मी काय कमी केलं, ते विचारता आलं असतं. ताट वेळेवर, कपडे वेळेवर, औषध वेळेवर. एक्कावन्न वर्षांत ह्या माणसाने स्वतःचा रुमाल कधी शोधला नाही. दुसरी कोणती बाई एवढं करते? इंग्रजीत मला हुकूम येतात, प्रश्न येत नाहीत.

सोमवार, २५

आज ते घरी येणार होते. पलंग भिंतीलाच आहे. सुनेने सकाळी विचारलं, आई, आज शब्द घ्यायचेत का? मी म्हटलं, नको. ती तरी अर्धा तास माझ्यासमोर बसून राहिली. दुकानात उशिरा पोचली असेल.

दुपारी गेले नाही. पहिल्यांदाच. तीनला वाटलं जावं, कोट घातला. साडेतीनला काढला.

मंगळवार, २६

मुलगा केंद्रात घेऊन गेला. त्या कायमच्या राहण्याच्या जागेच्या कागदांवर सही हवी होती. त्याने वाटेत समजावलं की तिकडे व्यायामाची सोय चांगली आहे, डॉक्टरांचंच म्हणणं पडलं, सहा महिन्यांनी पुन्हा बघतील, भेटायला बुधवारी आणि रविवारी जाता येतं. एकेक वाक्य घरून पाठ करून आला होता, मी शब्द पाठ करते तसं. मी कुठेच अडवलं नाही. इतका वेळ मी गप्प बसलेली त्याने आयुष्यात पाहिली नसेल. तो जास्तच घाबरला आणि तेच पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागला.

ऑफिसात जाताना ह्यांच्या खोलीवरून गेलो. दार उघडं होतं. हे खिडकीशी उभे होते, एकटे, दांड्याला धरून. कोणी उठा म्हटलेलं नव्हतं. दाढीवालाही नव्हता. मी थांबले. हाक मारली असती तर वळले असते की नसते, कोणत्या भाषेत मारायची, तेही कळेना. मुलाने माझ्या कोपराला हात लावला आणि आम्ही पुढे गेलो.

टेबलावर चार पानं होती. शेवटच्या पानावर ह्यांची सही आधीच होती, उजव्या हाताची, स्पष्ट. तिच्या खाली माझी जागा. मुलाने मला पेन दिलं आणि सही कुठे करायची ते दाखवायला त्या रेघेवर बोट ठेवलं. बोट नेमकं ह्यांच्या सहीवर आडवं पडलं होतं.

मी म्हटलं, "बोट काढ. मला दिसतंय."